दोन कंपन्यांचे लिनॅक, एक कोबाल्ट आणि कागदी कार्डं: ओआयएस कसं बसवायचं?

गँट्री_शून्य (प्रश्न)

नमस्कार मंडळी. ट्रस्टचं हॉस्पिटल, रेडिएशन विभागात रोजचे ७०-७५ पेशंट. एक लिनॅक (किरणोपचाराचं मशीन) सहा वर्षांपासून त्याच कंपनीच्या ऑन्कॉलॉजी इन्फर्मेशन सिस्टिमवर (ओआयएस: पेशंटचे प्लॅन आणि रोजच्या डोसची नोंद ठेवणारी यंत्रणा) चालतो. टेलिकोबाल्टची (कोबाल्ट सोर्सच्या मशीनची) नोंद अजून पिवळ्या कार्डांवर हाताने होते. चार महिन्यांत दुसरा लिनॅक येतोय, तो दुसऱ्या कंपनीचा, आणि त्यासोबत त्यांची स्वतःची ओआयएस व टीपीएस (प्लॅन बनवायचं सॉफ्टवेअर). हॉस्पिटलची एचआयएस (सगळ्या हॉस्पिटलची माहिती यंत्रणा) वेगळीच आहे. रजिस्ट्रेशन आणि बिलिंग तिथे होतं, आणि आमच्याकडे पेशंटचं नाव पुन्हा टाइप होतं.

प्रश्न असे:
१. दोन्ही लिनॅक एकाच ओआयएसवर आणावेत की दोन सिस्टिम वेगळ्या ठेवाव्यात? विक्रेते म्हणतात, "सगळं कनेक्ट होतं."
२. ट्रीटमेंट चालू असलेल्या पेशंटचं काय करायचं?
३. एचआयएसशी जोडणी आत्ताच करावी का?
४. सर्व्हर बंद पडला तर त्या दिवशी विभाग कसा चालवायचा?

---

एमएलसी_१६०

"सगळं कनेक्ट होतं" हे वाक्य करारात कोणी लिहून देत नाही, म्हणून तेच आधी मागा. एरिया काय, मोझॅक काय (व्हेरियन आणि इलेक्टाच्या ओआयएस), दुसऱ्याच्या लिनॅकशी बोलतात हे खरं. पण किती बोलतात ते मशीनचं मॉडेल, कन्सोलचं (मशीन चालवायच्या संगणकाचं) व्हर्जन आणि घेतलेलं लायसन्स यांवर ठरतं. प्रत्येक प्रकारच्या बीमसाठी वेगळं उत्तर घ्या: व्हीमॅट (मशीन पेशंटभोवती फिरत असताना दिलेले किरण), एफएफएफ (सपाट करणारा फिल्टर नसलेला बीम), इलेक्ट्रॉन, डायनॅमिक वेज (एका बाजूला डोस उतरता करणं). त्यापुढे तीन प्रश्न. दिलेल्या एमयूची (मशीनने दिलेले किरण मोजायचं एकक) नोंद परत आपोआप येते का? सीबीसीटीचा (मशीनवरच घेतलेल्या सीटीचा) काउच शिफ्ट (टेबल किती सरकवलं ते) ओआयएसमध्ये नोंदला जातो का? अर्धवट थांबलेलं फील्ड तिथूनच पुढे चालू करता येतं का? तिन्हींची उत्तरं लेखी "हो" असतील तर एकच ओआयएस घ्या. एकाचंही उत्तर "पुढच्या व्हर्जनमध्ये" असं असेल तर दोन सिस्टिम ठेवा आणि पेशंटला मध्येच एका मशीनवरून दुसऱ्यावर हलवू नका.

तसंही हलवणं सोपं नसतं. ओआयएस एक झाली म्हणून प्लॅन एक होत नाही. व्हेरियनच्या मिलेनियम १२० या एमएलसीत (किरणांना आकार देणाऱ्या धातूच्या पानांच्या संचात) मधल्या ४० जोड्या ५ मिमीच्या आणि बाहेरच्या २० जोड्या १० मिमीच्या. अ‍ॅजिलिटीत (इलेक्टाची एमएलसी) १६० पानं, सगळी ५ मिमीची. एकीकडे वेज म्हणजे जबडा सरकवून केलेला डायनॅमिक वेज, दुसरीकडे हेडमधला ६० अंशांचा मोटराइज्ड वेज. मशीन बंद पडलं तर पेशंटचा प्लॅन नव्याने करून, क्यूए (मोजून तपासणी) करूनच दुसऱ्या मशीनवर घ्यावा लागतो. एक ओआयएस असण्याचा फायदा इतकाच, पण तो मोठा आहे: आधी दिलेला डोस आणि उरलेला डोस एका पानावर दिसतो.

आता टेस्टिंग. ० अंशावर १० बाय १० चं फील्ड पाठवून "प्लॅन आला" असं म्हणणारे बरेच असतात. त्या फील्डमध्ये एकही चूक दिसत नाही, कारण ते सगळ्या बाजूंनी सारखंच आहे. टेस्ट पेशंट मुद्दाम वाकडा करा: गँट्री (मशीनचा फिरणारा हात) ३७, कॉलिमेटर (किरणांना मर्यादा घालणारं तोंड) १०, काउच ३५०, आणि जबड्यांच्या जागा: एक्स-१ ३ सेमी, एक्स-२ ७ सेमी, वाय-१ ४, वाय-२ ९. एमएलसीने इंग्रजी "एफ" अक्षर काढा. उलटं किंवा आरशातलं आलं तर लगेच कळतं. स्केलचा घोळ इथेच सापडतो. आयईसी ६१२१७ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे किरण सरळ खाली असताना गँट्री ० असते, व्हेरियनच्या जुन्या स्केलमध्ये तीच १८०. टीपीएस, ओआयएस आणि कन्सोल या तिन्ही पडद्यांवरचे आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहा आणि बीम खरोखर चालवून फिल्मवर किंवा ईपीआयडीवर (मशीनच्याच इमेजिंग पॅनेलवर) आकार बघा.

मग मोडतोड. १२० एमयूच्या फील्डला ४७ वर थांबवा. दार उघडा. दुसऱ्या वेळी बीम चालू असताना नेटवर्कची केबल काढा. तिसऱ्या वेळी ओआयएसचं वर्कस्टेशन बंद करा. प्रत्येक वेळी बघायचं ते एवढंच: उरलेले ७३ एमयू सिस्टिम देते का, आणि फ्रॅक्शनचा (एका वेळी दिलेल्या डोसचा) आकडा एकानेच वाढतो का. काही सेटिंगमध्ये सेशन बंद केलं की फ्रॅक्शन "पूर्ण" होतं आणि ७३ एमयू कुठेच उरत नाहीत. काहींमध्ये नोंद न आल्यामुळे तेच फ्रॅक्शन उद्या पुन्हा दिसतं. दोन्ही प्रकार आपल्या सिस्टिममध्ये कसे दिसतात ते पेशंट टेबलवर यायच्या आधी माहीत हवं.

हा दहा-बारा फील्डांचा संच सेव्ह करून ठेवा. टीपीएस, ओआयएस, कन्सोल यांतलं काहीही अपग्रेड झालं की तोच पुन्हा चालवा. आयएईएचा (आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा) २०१३ चा रेकॉर्ड-अँड-व्हेरिफायवरचा (नोंद आणि पडताळणी) अहवाल आहे, चाचण्यांची यादी त्यातूनच सुरू करा.

---

सकाळची_पाळी

टेक्नॉलॉजिस्टच्या खुर्चीवरून चार गोष्टी सांगते, कारण ओआयएस लावताना आम्हाला शेवटच्या आठवड्यात विचारतात.

टॉलरन्स टेबल (ठरलेल्या जागेपासून किती फरक चालेल त्याच्या मर्यादा) विक्रेत्याचं डीफॉल्ट ठेवू नका. मास्क आणि इंडेक्स्ड (ठरलेल्या खाचेत बसणारी) बेसप्लेट असलेल्या मान-डोक्याच्या पेशंटला काउचचं टॉलरन्स १ ते २ सेमी चालतं. पेल्व्हिसला इंडेक्सिंग नसेल तर ३ सेमीसुद्धा रोज मोडतं. गँट्री-कॉलिमेटरला ०.५ ते १ अंश पुरे. फार घट्ट ठेवलं की रोज ओव्हरराइड (इशारा डावलून पुढे जाणं), आणि रोज ओव्हरराइड करणारा हात खऱ्या चुकीलाही ओव्हरराइडच दाबतो. म्हणून आधी बेसप्लेट काउचला खाचेत बसवायची शिस्त (कुठली खाच, एच-२ की एच-३, ते सेटअप नोटमध्ये), मग टॉलरन्स. ओव्हरराइडचा रिपोर्ट दर आठवड्याला काढून फिजिसिस्टने बघायचा. एकाच पेशंटला तीनदा व्हर्टिकल मोडलं तर पेशंट बारीक झालाय किंवा बेसप्लेट चुकीच्या खाचेत आहे.

काउचचे आकडे पहिल्या दिवशी इमेजिंग करून शिफ्ट दिल्यावर एकदाच घ्यायचे. रोज "अ‍ॅक्वायर" दाबलं (म्हणजे आजची जागाच प्रमाण धरली) तर टॉलरन्स चुकीच्या मागे मागे फिरतं आणि कधीच मोडत नाही.

फोटो हवाच, चेहऱ्याचा आणि सेटअपचा, दोन्ही. सकाळच्या यादीत दोन सुनंदा शिंदे असतात. हाक मारली की ज्यांना कमी ऐकू येतं त्या आधी उठतात. पेशंटलाच नाव, गाव आणि "शेक (किरण) कुठे घेता" ते विचारायचं, "तुम्ही सुनंदा शिंदे ना?" असं विचारायचं नाही, सगळे हो म्हणतात.

सेटअप नोट देवनागरीत लिहायची असेल तर आधी तपासा. काही जुन्या फील्डांमध्ये देवनागरी सेव्ह केल्यावर नुसती प्रश्नचिन्हं उरतात, आणि ते दुसऱ्या दिवशी उघडल्यावरच कळतं.

---

सर्व्हर_रूम

प्रश्न ३ आणि ४ आयटीच्या बाजूने.

एचआयएसशी जोडणी आत्ताच करा, पण फक्त एकच दिशा: एचआयएसकडून ओआयएसकडे, आणि फक्त पेशंटची ओळख. एचएल७ (आरोग्य यंत्रणांमधल्या संदेशांचं मानक) चे ए०४ (नोंदणी) आणि ए०८ (बदल) एवढे संदेश सुरुवातीला पुरतात. अपॉइंटमेंट आणि बिलिंग सहा महिन्यांनी. पहिल्या दिवशी सगळं जोडायला गेलात तर लिनॅक सुरू होण्याची तारीख बिलिंगच्या कोडमुळे पुढे जाईल.

ए४० म्हणजे दोन पेशंट एकत्र करणं. हा संदेश आपोआप लागू होऊ देऊ नका. रजिस्ट्रेशनच्या खिडकीवर कोणीतरी दोन नंबर एक केले आणि ट्रीटमेंटच्या मध्यात ओआयएसमधला आयडी बदलला, तर टीपीएसमधला प्लॅन जुन्या आयडीवर राहतो. असे संदेश रांगेत थांबवायचे; कोर्स संपल्यावर फिजिसिस्टच्या मंजुरीने लावायचे.

आयडी कुठला वापरायचा हे आज ठरवा. आयपीडी नंबर नको, तो प्रत्येक भरतीला बदलतो; कायमचा यूएचआयडी घ्या. आभाचा (सरकारी आरोग्य ओळखीचा) १४ आकडी नंबर जादा रकाना म्हणून ठेवा, मुख्य आयडी म्हणून नको, कारण तो सगळ्यांकडे नसतो. पुढची शून्यं सांभाळा. ००४५६१२ आणि ४५६१२ हे एक्सेलला एक वाटतात, डायकॉमला (वैद्यकीय इमेजेसच्या मानकाला) दोन वेगळे पेशंट. आणि सीटी सिम्युलेटरवर (प्लॅनसाठी स्कॅन घेणाऱ्या मशीनवर) हाताने टाइप करणं बंद करा, मॉडॅलिटी वर्कलिस्ट (पेशंटची यादी आपोआप आणणारी सोय) लावा. नावाचा सगळा घोळ तिथून सुरू होतो: शिंदे, सिंदे, शिन्दे, आडनाव आधी की नाव आधी, मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं. जन्मतारीख ओळखीसाठी धरू नका. खेड्यातल्या निम्म्या पेशंटांची जन्मतारीख रजिस्ट्रेशनवाल्याने १ जानेवारी टाकलेली असते.

सर्व्हर. जागेचा हिशोब: ५१२ बाय ५१२ ची एक स्लाइस साधारण अर्धा एमबी. ९० स्लाइसची सीबीसीटी ४५ एमबी. २५ फ्रॅक्शन रोज इमेजिंग म्हणजे पेशंटमागे १.१ जीबीच्या आसपास, वर्षाला ६०० पेशंट धरले तर साधारण ६७५ जीबी, नुसत्या सीबीसीटीचे. विक्रेता जो सर्व्हर देतोय त्यात किती वर्षं भरतील ते बघा.

बॅकअप म्हणजे डेटाबेस रात्री पूर्ण, ट्रान्झॅक्शन लॉग दर १५ मिनिटांनी, इमेजेस वेगळ्या. एक प्रत अशा डिस्कवर जी कॉपी झाल्यावर केबल काढून कपाटात जाते. दर तीन महिन्यांनी ती प्रत दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून एका पेशंटचा चार्ट छापून चालू चार्टशी ताडायचा. रिस्टोअर न केलेला बॅकअप मी बॅकअप धरत नाही.

यूपीएसवर सर्व्हर असतो, वर्कस्टेशन असतात, आणि कॉरिडॉरमधला नेटवर्क स्विच साध्या प्लगवर असतो. लाईट जाऊन जनरेटर लागेपर्यंतच्या दहा-पंधरा सेकंदांत तो स्विच बंद पडतो आणि बीमच्या मध्यात जोडणी तुटते. दोनशे मीटर केबल पायी चालत तपासा.

अँटीव्हायरसला डेटाबेसचे फोल्डर वगळायला सांगा, विक्रेता यादी देतो. विंडोजचे अपडेट आपोआप नकोत. सगळ्या संगणकांची वेळ एकाच टाइम सर्व्हरवरून, नाहीतर रात्री बाराच्या सुमाराची नोंद दुसऱ्या तारखेला पडते. विक्रेत्याचा रिमोट सपोर्ट फोन आल्यावर उघडायचा, काम झालं की बंद.

हे अती वाटत असेल तर आठवा: एप्रिल २०२१ मध्ये इलेक्टाच्या क्लाउडवर हल्ला झाला आणि अमेरिकेतल्या कित्येक केंद्रांची ट्रीटमेंट थांबली. मे २०२१ मध्ये आयर्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेवर रॅन्समवेअर आलं, तिथे रेडिओथेरपीही अडली. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर कित्येक दिवस बंद होते.

---

बीमऑन

एवढं करण्यापेक्षा एक तारीख ठरवा आणि चालू पेशंटसकट सगळे नव्या सिस्टिमवर घ्या. अर्धे इकडे, अर्धे तिकडे, हेच जास्त धोक्याचं.

---

एमएलसी_१६०

@बीमऑन, अर्ध्यामुर्ध्या पद्धतीचा धोका तुम्ही बरोबर सांगितलात, पण त्यावर उपाय उलटा आहे.

ग्लासगोच्या बीटसन केंद्रातली २००६ ची घटना याच सांध्यावर घडली. आधी तिथे प्लॅन १ ग्रेसाठी (ग्रे हे डोसचं एकक) काढून एमयू हाताने फ्रॅक्शनच्या डोसने गुणायचे. २००५ मध्ये सिस्टिम जोडल्यावर बहुतेक प्लॅन प्रत्यक्ष डोसच्या एमयूसह थेट पाठवले जाऊ लागले. संपूर्ण मेंदू-मणक्याचे गुंतागुंतीचे प्लॅन मात्र कागदी फॉर्मवर राहिले. नव्या सवयीने प्रत्यक्ष डोसचे एमयू फॉर्मवर लिहिले गेले आणि जुन्या फॉर्मप्रमाणे ते पुन्हा १.६७ ने गुणले गेले. ठरले होते २० फ्रॅक्शनमध्ये ३५ ग्रे. १९ फ्रॅक्शनमध्येच डोक्याला ५५.५ ग्रे गेले. ओआयएसने काहीच अडवलं नाही, कारण तिच्यात भरलेलाच आकडा चुकीचा होता.

त्यामुळे सीमा तारखेने आखायची नाही, पेशंटने आखायची. अमुक तारखेनंतर ज्यांचं सीटी सिम्युलेशन होईल ते पूर्णपणे नव्या सिस्टिमवर. त्याआधीचे शेवटच्या फ्रॅक्शनपर्यंत जुन्यावर. सर्वांत लांब कोर्स ३५ फ्रॅक्शनचा, म्हणजे सात आठवडे. एवढे दिवस दोन सिस्टिम चालतील, पण कुठल्याही एका पेशंटसाठी नोंदीची जागा एकच राहील. "सुरक्षेसाठी दोन्हीकडे लिहा" हे अजिबात नको, तिसऱ्या आठवड्यात दोन आकडे जुळत नाहीत आणि खरा कोणता ते कोणालाच सांगता येत नाही.

एखाद्याला हलवावंच लागलं तर शनिवारी हलवा. दिलेली फ्रॅक्शन "पूर्वीचा डोस" म्हणून भरा, उरलेल्या फ्रॅक्शनचा नवा प्लॅन करा, दोघांनी स्वतंत्रपणे बेरीज करा. पन्नास ग्रेनंतर बूस्ट (गाठीच्या जागी जादा डोस) असेल तर बूस्टचं प्रिस्क्रिप्शन वेगळं आहे ना ते बघा. दोन्ही एकाच रेफरन्स पॉइंटला (ओआयएस ज्यावर डोस मोजते त्या बिंदूला) जोडलेले नसले तर एकूण डोसची मर्यादा कधीच अडवणार नाही. गर्भाशयमुखाच्या पेशंटचं ब्रेकीथेरपीचं (आतून दिलेल्या किरणांचं) ७ ग्रेचं प्रत्येक फ्रॅक्शनही हाताने नोंदवा, पण बाहेरच्या डोसमध्ये सरळ मिळवू नका, जैविक परिणाम वेगळा.

आणखी एक. न्यूयॉर्कमध्ये २००५ साली आयएमआरटीचा (पानं हलवून डोसला आकार देण्याच्या पद्धतीचा) प्लॅन मध्येच बदलला, सेव्ह होताना संगणक अडकला आणि एमएलसीचे कंट्रोल पॉइंट (पानांच्या जागांची नोंद) सेव्हच झाले नाहीत. पानं पूर्ण उघडी असताना तीन फ्रॅक्शन गेली, एकेकात १३ ग्रे. कन्सोलच्या पडद्यावर उघडं फील्ड दिसत होतं. क्यूए नंतर झाला. तेव्हा नियम साधा ठेवा: प्लॅन पुन्हा सेव्ह झाला, मग बदल एका अक्षराचा का असेना, की मंजुरी रद्द आणि क्यूए पुन्हा. आणि टेक्नॉलॉजिस्टने पहिल्या दिवशी पानं हलताना बघायची.

---

गँट्री_शून्य

खूप मोलाची माहिती. सीमा पेशंटने आखायची हे पटलं. दोन उपप्रश्न: कोबाल्टची कार्डं ओआयएसमध्ये आणायची का? आणि सर्व्हर बंद पडल्यावर नक्की काय करायचं?

---

सकाळची_पाळी

कोबाल्टला ओआयएस अडवू शकत नाही, टायमर हाताने लावायचा असतो. फक्त नोंद करता येते. तरी आणा, कारण महात्मा फुले योजनेच्या क्लेमला फ्रॅक्शनचा चार्ट जोडावा लागतो आणि कार्डावरच्या सह्या स्कॅन करण्यात एक माणूस अडकतो. मंजूर झालेली फ्रॅक्शन आणि दिलेली फ्रॅक्शन यांतला फरक रोज दिसावा असा रिपोर्ट बनवून घ्या.

कार्ड बंद करायच्या आधी वेळेचं एकक एक करा. टीपीएस २.३० मिनिटं देतो, म्हणजे २ मिनिटं १८ सेकंद. टायमर मिनिट-सेकंदाचा असेल आणि कोणी २:३० लावलं तर पावणेनऊ टक्के जास्त डोस. सोर्स महिन्याला १.१ टक्का कमी होतो, अर्धायुष्य ५.२७ वर्षं, १ तारखेला चालू पेशंटांची वेळ बदलली नाही तर फरक लहान असतो, पण दोन महिने राहून गेला तर दोन टक्के. ओआयएसमध्ये दर महिन्याच्या १ तारखेला फिजिसिस्टच्या नावाने एक टास्क लावा, तो बंद केल्याशिवाय कोबाल्टची यादी उघडायची नाही असं ठरवा.

---

सर्व्हर_रूम

सर्व्हर बंदचा दिवस असा. रोज संध्याकाळी सहाला एक स्क्रिप्ट उद्याच्या प्रत्येक पेशंटची पीडीएफ वेगळ्या संगणकावर टाकते: फोटो, सेटअप नोट, फील्ड, एमयू, आजवरची फ्रॅक्शन, एकूण डोस. हा संगणक ओआयएसच्या नेटवर्कवर नको.

---

एमएलसी_१६०

त्या पीडीएफवरून फक्त साधी, उघडी पॅलिएटिव्ह (त्रास कमी करण्यासाठीची) फील्ड देता येतात, तीही दोन जणांच्या सहीने. व्हीमॅट आणि आयएमआरटी हाताने द्यायचं नाही. सर्व्हिस मोडमधून (मशीन दुरुस्तीच्या मोडमधून) तर अजिबात नाही, तिथे पडताळणीच नसते. मग क्रम कोणाचा हे आधी लिहून ठेवा: मान-डोकं आणि गर्भाशयमुख वर, कारण कोर्स लांबला तर मान-डोक्यात दिवसाला साधारण १ ते १.४ टक्के नियंत्रण जातं. चुकलेला दिवस शनिवारी किंवा सहा तासांच्या अंतराने दोन फ्रॅक्शन देऊन भरायचा, ते ऑन्कॉलॉजिस्ट ठरवतील. सिस्टिम परत आल्यावर हाताने दिलेली फ्रॅक्शन भरल्याशिवाय त्या पेशंटचं पुढचं फ्रॅक्शन उघडायचं नाही.

---

गँट्री_शून्य

ठीक. एक ओआयएस, लेखी अटींवर. एचआयएसकडून फक्त ओळख. नव्या सिम्युलेशनपासून नवी सिस्टिम. १ तारखेला सोमवार येतोय, त्या दिवशी सुरू करू.

---

सकाळची_पाळी

सोमवार नको. आठवड्याचे नवे पेशंट सोमवारी, शनिवार-रविवार बंद राहिलेलं मशीनही सोमवारीच कुरकुरतं. आणि १ तारखेला तुमची कोबाल्टची वेळ बदलायची आहे. बुधवारी सुरू करा, त्या दिवशी दोनच पेशंट, दोन्ही साध्या दोन फील्डांचे, दुपारी दोननंतर. विक्रेत्याचा माणूस शुक्रवार संध्याकाळपर्यंत कन्सोलपाशी बसलेला हवा, हॉटेलवर नव्हे.